पाणी बदललं की

प्रयोगशाळेत माझं काम माशांच्या अंड्यांना माणसांची औषधं पाजण्याचं. "आमची धाकटी माशांची कंपाउंडर आहे," असं ताई सगळ्यांना सांगते. अंडी मोहरीपेक्षा लहान, पण आरपार दिसणारी. आतलं हृदय उडायला लागलं की भिंगाखाली ते चक्क दिसतं. हृदयाची औषधं गर्भाला कितपत सोसतील, याचा पहिला अंदाज आम्ही इथे घेतो.

ताईचे ठोके कधीही सैरावैरा धावतात, म्हणून ती कित्येक वर्षं गोळी घेते. फार वाट बघून तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली आणि बजावलं, "ही चालते. मनाने बंद करू नका." ताईसाहेबांनी नेमकी तीच बंद केली! मला कळलं तेव्हा ती माझ्या दारात जिन्याचा कठडा धरून धापा टाकत होती.

"बाळाला काही झालं तर?"

"आणि तुला झालं तर? बाळ काय हवेत लटकणार आहे?"

मी चिडले की मला अक्कल सुचते, असा माझा समज आहे. रविवारी प्रयोगशाळा रिकामी असताना मी तिला तिथे नेलं. तिचंच औषध घातलेल्या पाण्यातलं एक अंडं भिंगाखाली ठेवलं.

"बघ, तुझ्या गोळीच्या कैक पट औषध आहे यात. ठोका मंदावलाय. आता गंमत बघ."

अंडं मी स्वच्छ पाण्यात सोडलं. बाहेर बाकावर बसून आम्ही डबा खाल्ला, भाऊजींच्या घोरण्यावर हसलो आणि परत आलो. हृदय पुन्हा टुणटुण उडत होतं. मी जादूगाराच्या तोऱ्यात बाजूला उभी.

ताई भिंगावरून डोळा काढेना.

"माझ्या बाळाचंही असंच उडत असेल का गं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं वाट बघितली. आता माझ्याच आत आहे, आणि मलाच दिसत नाही."

मग तिने मान वर केली. "याला तू दुसऱ्या पाण्यात सोडलंस. माझ्या बाळाचं पाणी कोण बदलणार?"

दिलासा द्यायला आणलं होतं मी तिला, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"कोणी नाही," मी म्हणाले. "त्याला दुसरं पाणीच नाही, ताई. तूच आहेस. म्हणून तू धड राहायला हवीस."

तिने पर्समधून गोळी आणि बाटली काढली. प्रयोगशाळेत काही खायला-प्यायला बंदी आहे. मी तोंड दुसरीकडे केलं. मागून गिळल्याचा आवाज आला.

"सांभाळून घे रे बाळा," ती पोटाशी पुटपुटली.

मी भिंगाचा दिवा बंद करायला गेले, तर तिने माझा हात धरला आणि पुन्हा डोळा लावला.

"राहू दे ना गं जरा," ती म्हणाली. "अजून उडतंय."