कोपऱ्यातली कळ

जिनिंगच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि गाडीवाले गाड्या सोडून ऑफिसच्या काचेला नाकं लावून उभे होते. आत खुर्चीवर सुनंदाबाई. खुर्चीभोवती राखेचं रिंगण. समोर कॉम्प्युटरचा पडदा, नावाचा रकाना कोरा, आणि कितीही कळा बडवल्या तरी पडदा ढिम्म. रिंगणाबाहेर झुलाल महाराज मोरपिसांचा कुंचा हलवत होते.

"ओम फट्! तारेतून आलास, तारेतून जा! वीज खातोस, काच चाटतोस, या अबलेला धरतोस! सोड, नाहीतर बाटलीत भरून तापीत बुडवीन!"

महाराजांनी शालीआडून डावा हात कळांवर टेकवला आणि फुंकर मारली. त्याबरोबर पडदा जागा झाला. मघापासून बडवलेली सगळी अक्षरं एकामागून एक धाडधाड बाहेर पडली.

"देखा व माय, भूत पळनं!" गर्दीतल्या भागाबाईंनी काचेबाहेरूनच हात जोडले. "महाराजनी हात लावा नि चालू व्हयनं!"

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. जिनिंगचे चेअरमन कौतिकआबांनी मला बोलावलं होतं ते काही तपास करायला नव्हे. अशा वेळी चार शहाणी माणसं हजर असली की बरं दिसतं, म्हणून. चपला दाराबाहेर काढून आत गेलो. हो, चपला काढाव्या लागतात. दसऱ्याला हा कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही त्याला नारळ फोडला, हार घातला, आणि बायकांनी 'त्या दिवसांत' खोलीत पाऊल टाकायचं नाही असं फर्मान काढलं. देवघर आम्हीच थाटलं. मग भूत यायला मुहूर्त कशाला पाहील?

सुनंदाबाईंचे यजमान याच जिनिंगमध्ये वारले, आणि त्यांच्या जागी बाई कामाला लागल्या. काट्यावर गाडी मोजली की शेतकऱ्याचं नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि पावती छापायची. हीच बाई बसली की मशीन अडतं, दुसरे दोघे कारकून बसले की अडत नाही, हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. महाराजांचा निकाल तयार होता. नवऱ्याचा जीव बाईत अडकलाय. सकाळपासून त्यांनी तिला रिंगणात बसवलं होतं. अमावस्येला उतारा होईपर्यंत ती दिवसा तिथंच बसणार आणि त्यानंतर नोकरी सोडणार. रेषा ओलांडली, तर बाधा गावात शिरेल.

"आबा, तिला पाणी तरी द्या," मी म्हणालो.

"महाराज नाही म्हणतात, सर. मी काय करू? बाहेर पन्नास गाड्या उभ्या आहेत."

सुनंदाबाई माझ्याकडे न बघता बोलल्या. "मी उठले तर भूत खरं ठरतं. बसले तर मशीन अडतं, म्हणजे पुन्हा भूत खरंच ठरतं. सर, यातून बाहेर कुठून पडायचं ते सांगा."

मला महाराजांचा राग आला आणि त्याहून जास्त आमचा सगळ्यांचा आला. पण रागानं मशीन चालत नाही. मी वाकून कळा पाहिल्या. महाराजांच्या हाताला राख होती, ती कळांना लागली होती. गंमत अशी की सगळ्या कळांना नाही. फक्त दोनच कळा पांढऱ्या झाल्या होत्या: डाव्या कोपऱ्यातली अगदी खालची, जिला कंट्रोल म्हणतात ती, आणि वरच्या ओळीतली क्यू. फुंकर मारताना महाराजांची दोनच बोटं कामाला होती!

"कोणाकोणाच्या नावाला अडलं?" मी विचारलं.

"मन्हा!" सुपडू गाडीवाला बाहेरून ओरडला. "मंग सुकदेवना, मंग सुंदरबाईना!"

"त्यांना साडेसाती आहे," महाराज म्हणाले.

"साडेसाती नाही, एस आहे. बाई, तुम्ही टायपिंग कुठं शिकलात?"

"धुळ्याला, क्लासात. टायपरायटरवर."

"तिथं मोठं अक्षर काढायला डावी करंगळी कुठं जायची?"

"खाली, कोपऱ्यात. शिफ्टवर. उजवीकडची मोडकीच होती." त्यांनी न बघता करंगळी ठेवली, आणि मग पहिल्यांदाच खाली पाहिलं. करंगळीखाली शिफ्ट नव्हती. या मशीनवर शिफ्ट एक कळ वर होती, आणि कोपऱ्यात बसली होती कंट्रोल.

कंट्रोल दाबून एस मारला की पडद्याला हुकूम जातो, थांब. कंट्रोल दाबून क्यू मारला की हुकूम जातो, चल. मजकूर भराभर सरकू लागला तर माणसाला थांबवून वाचता यावं म्हणून केलेली ही सोय. दुसरं अक्षर मोठं उमटलं नाही तर बाई ते लहानच मारून घेत. एस मारला की सगळंच गोठे. बाकीचे दोघे एका बोटानं टाइप करणारे, त्यांना करंगळी असते हेच ठाऊक नाही.

महाराजांचा हात पोचू नये म्हणून मी बाईंशेजारी बसून कळांची पाटी माझ्या मांडीवर घेतली. "बाई, थांबवा." त्यांनी करंगळी कोपऱ्यात ठेवून एस मारला, पडदा गोठला. "आता महाराज, लांबून कुंचा फिरवा."

महाराजांनी कुंचा फिरवला, फुंकरी मारल्या, डोळे फिरवले. पडदा हलला नाही. "अश्रद्ध माणूस मध्ये बसलाय," ते म्हणाले, पण आवाज बसला होता.

तेवढ्यात सुपडू काचेला आणखी चिकटला. "अरे, हाऊ महाराज तं पहिले सूतगिरणीमा कॉम्प्युटरवर बसे! हाजरी टाके!"

सुनंदाबाईंनी त्या दोन पांढऱ्या कळांवर बोटं ठेवली. पडदा सुरू झाला. त्यांनी पुन्हा थांबवला, पुन्हा चालवला. बाहेर हशा पिकला. महाराज चपला शोधायला जे गेले ते गेलेच. मी मशीनला एका ओळीचा हुकूम कसा द्यायचा ते सांगितलं, तो बाईंनी स्वतः टाइप केला, आणि त्या दिवसापासून आमच्या मशीनवर एसचा तो जोर संपला.

आबा ओशाळून म्हणाले, "ताई, झालं गेलं विसरा. सुटलात."

सुनंदाबाई हसल्या नाहीत. "आबा, सरांना ती कळ सापडली म्हणून मी सुटले. नसती सापडली तर?"

याचं उत्तर मी देतो, आणि आबांपेक्षा तुम्हाला देतो. नसती सापडली, तरी भूत नव्हतंच. कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही, असं नसतं. आपण अजून शोधलं नाही, एवढंच असतं. तोवर कोणा बाईला रिंगणात बसवायचा हक्क कोणालाही नाही. मशीन अडलं तर आधी कळा बघा.

बाईंनी पायानं राख पुसली, बाहेर जाऊन तांब्याभर पाणी पिऊन आल्या. येताना चपला काढल्या नाहीत. मग त्यांनी करंगळी एक कळ वर सरकवली आणि सुपडूला हाक मारली.