सहाच्या हजेरीला निघालेला डावा बूट

मी एक जुना फौजी बूट आहे, मित्रांनो, आणि तोही डावा! डावा म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण जरा कवायतीच्या मैदानावर येऊन बघा. पहिलं पाऊल कुणाचं पडतं? डाव्याचं! उजवा मुकाट्याने माझ्या मागून येतो. तो माझा जुळा भाऊ आहे. स्वभावाने गरीब आहे आणि मी बोलत असताना मध्ये तोंड घालत नाही, म्हणून आमचं छान जमतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड काळं कातडं लाकडी पायावर ताणून बसवलं आणि चष्मा कपाळावर सरकवलेल्या एका बाईंनी मला शिवलं. "मेलं चिवट आहे, सुईला दाद देत नाही," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. ते माझं पहिलं कौतुक. मग टाचेला लोखंडी नाल ठोकली, आत आठ नंबरचा ठसा मारला आणि झालो की मी तयार!

फौजेच्या गोदामात मी एका लुकड्या पोराच्या वाट्याला आलो. तोच माझा धनी. त्याच्या पायाला साडेसात लागत होता, पण साडेसात संपला होता. त्याने दोन मोजे चढवले आणि मला घातलं. पहिला आठवडा आम्ही एकमेकांना अक्षरशः चावत होतो. त्याच्या टाचेला फोड आले, माझ्या कातड्याला सुरकुत्या पडल्या. मग हळूहळू त्याची करंगळी कुठे दुखते ते मला कळलं आणि मी कुठे करकरतो ते त्याला. मैत्री अशीच होते ना?

आणि पॉलिश तर विचारूच नका! धनी कापसाचा बोळा घ्यायचा, त्यावर चिमूटभर पॉलिश, एक थुंकीचा थेंब, आणि मग इवलीइवली वर्तुळं. तासन्‌तास. कवायत शिकवणाऱ्या हवालदारांचा आवाज इतका मोठा होता की सगळे त्यांना तोफ म्हणायचे. एकदा तोफ माझ्यासमोर वाकले आणि गरजले, "या बुटात मला माझं थोबाड दिसतंय! आणि ते चक्क हसतंय!" अख्खी रांग खुसुखुसु हसली. मी तर इतका फुगलो की नाडी ताणली गेली.

चार वर्षं आम्ही चिखल तुडवला, बर्फ तुडवला, ट्रकच्या क्लचवर मी उभं आयुष्य काढलं, कारण धनी ड्रायव्हर होता. आणि मग घरून निरोप आला. धन्याची आई स्टुलावरून पडली होती. पाय मोडला होता.

धन्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली. घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे एवढंसं अंगण. घरात आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. आईच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. धन्याने आम्हाला काढून आईच्या खाटेखाली सरकवलं आणि तो स्वयंपाकाला लागला. पंधरा दिवस भुर्रकन उडाले. प्लास्टर तसंच होतं. धनी म्हणाला, "दोन दिवस राहतो, मग जातो."

मित्रांनो, त्याने फक्त एक फोन करायला हवा होता. रजा वाढवून मागायची, एवढंच. पण पहिल्या दिवशी तो विसरला, दुसऱ्या दिवशी लाजला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता कुठल्या तोंडानं सांगू?" आणि मग भीती अशी वाढली, अशी वाढली, की दाराची कडी वाजली तरी तो मागच्या अंगणात जाऊन कपडे वाळत घालायचा. वाळलेलेसुद्धा!

एक दिवस पोस्टमन आला. खाकी पाकीट, वर लाल शिक्का. धन्याने ते उघडलंच नाही. त्याला वाटलं, आत अटकेचा हुकूम आहे. त्याने चारी बाजूंना बघितलं, खाली वाकला आणि ते पाकीट दुमडून माझ्या पोटात कोंबलं.

खाटेखाली आमचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! अंगावर धूळ. कोळ्याने उजव्याच्या नाडीला जाळं बांधलं. आणि घरातल्या कोंबडीने उजव्याला घरटं ठरवून टाकलं. रोज सकाळी त्याच्यात एक गरमगरम अंडं! उजव्याला अंडं आणि मला हुकूम, असा आमचा संसार.

पण खाटेखाली राहिलं की एक फायदा असतो. सगळ्यांचे पाय दिसतात. आणि मी काय पाहिलं माहितेय? प्लास्टर निघालं, त्यानंतरही आई कण्हत खाटेवरच असायची. पण धनी पाणी आणायला गेला आणि धाकटी शाळेत गेली, की खाटेवरून दोन पाय हळूच खाली यायचे. एक, दोन, एक, दोन, थेट फडताळापर्यंत! गुळाचा डबा उघडल्याचा आवाज यायचा. मग पाय पुन्हा वर, आणि कण्हणं सुरू. मला सांगा, मी कुणाला काय सांगणार? माझ्या पोटात पत्र आणि डोक्यात हे गुपित. बुटाला जीभ असते हो, पण ती नुसती नाडीखाली दाबलेली!

आणि मग ती सकाळ उजाडली. धाकटी अंडं घ्यायला खाटेखाली शिरली. उजव्यात अंडं नव्हतं. "महाराणी आज शेजारच्या घरात गेल्या वाटतं," असं म्हणत तिने माझ्यात हात घातला. कागद कुरकुरला.

"दादा! हे काय आहे?"

"ठेव ते! हात लावू नकोस!"

पण ती ऐकतेय होय? टर्रकन पाकीट फाडलं आणि खड्या आवाजात वाचायला लागली, जशी वर्गात धडा वाचते तशी. "आपण रजा संपूनही गैरहजर आहात. अठरा तारखेच्या संध्याकाळी सहाच्या हजेरीपर्यंत स्वतः हजर झाल्यास आपणांस केवळ गैरहजर समजले जाईल. त्यानंतर फरारी घोषित करण्यात येईल." ती थांबली. "दादा, खाली कुणीतरी पेनने लिहिलंय. 'आईची तब्येत कशी आहे, ते कळवणे.'"

धनी मटकन खाली बसला. त्याचे अनवाणी पाय माझ्यासमोरच होते, बोटं आत वळलेली.

"अटकेचा हुकूम नाहीये?" त्याने विचारलं.

"नाही रे! नऊ दिवस बुटात ठेवलंस! आज किती तारीख?"

"अठरा," आई म्हणाली.

"मी नाही जाऊ शकत," धनी म्हणाला. "आईला अजून उठता येत नाही."

आणि मित्रांनो, त्याच क्षणी ते दोन पाय खाटेवरून खाली आले! एक, दोन, एक, दोन! आई ताडताड चालत गेली आणि तिने ते पत्र धन्याच्या डोक्यावर आपटलं.

"येतंय मला उठता! आठ दिवस येतंय!"

"आई! आणि रात्रंदिवस कण्हत होतीस ती?" धाकटी ओरडली. "मी तुझे पाय चेपले! परीक्षा असताना!"

"चेपलेस, तर झिजलीस का?" आई म्हणाली. मग ती धन्याकडे वळली. "तुला रोज घरात बघायची चटक लागली रे मला. आणि बरी झाले म्हणाले असते तर तू गेला असतास. गेलास तर शिक्षा होणार, हे मला काय कळत नाही? मीच तुला अडवून ठेवलं."

धन्याने तिच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "तू नाही अडवलंस. मी घाबरलो होतो. तुझा पाय मला निमित्ताला बरा सापडला."

बस्स! मग जी धावपळ उडाली! "गणवेश घालून जा," आई म्हणाली, "तोंड लपवून जाऊ नकोस." धाकटीने इस्त्री तापवली. पॉलिशची डबी दगडासारखी वाळली होती, तर तिने तव्याची काजळी आणि तेल कालवून मला फासलं. चमक काही तोफसाहेबांच्या पसंतीची नव्हती, पण पाय आत शिरला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! करंगळी तिथेच, टाच तिथेच. चल रे धन्या, डावा पुढे!

आई काठी टेकत बसथांब्यापर्यंत आली. बस सुटली तेव्हा खिडकीतून धन्याला दिसावं म्हणून तिने काठी वर उचलून धरली आणि तशीच, काठीविना, उभी राहिली.

पाच तासांनी बस बदलायची होती. दुसरी बस सुटायच्या बेतात होती. धनी धावला आणि फटाक! माझा तळवा पुढून उघडला. चक्क मगरीसारखा आ वासला मी. बस गेली. पुढची अर्ध्या तासाने.

बसस्थानकाच्या कोपऱ्यात एक आजोबा बूट शिवत बसले होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं.

"एवढी घाई? कुठे लढाई लागली की काय?"

"सहाच्या आत हजर व्हायचंय, आजोबा. उशीर झालाय."

"किती?"

"एकोणतीस दिवस."

आजोबांची सुई थांबली. त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं. "मग पाच मिनिटं नीट बसून घे. तेवढ्यानं काही बिघडत नाही." आणि त्यांनी मला असे टाके घातले, असे ओढून घातले, की आजतागायत एक हललेला नाही.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा घड्याळात पावणेसहा. फाटक रस्त्याच्या टोकाला दिसत होतं. आणि मध्येच, कुंपणाशी, उभे होते दोघे लाल टोपीवाले! लाल टोपीवाले म्हणजे फौजेचे पोलीस. त्यांनी धन्याला धरलं असतं, तर वहीत लिहिलं गेलं असतं, "पकडून आणला." मग एवढी धावाधाव मातीत.

धन्याचा पाय माझ्या आत वळला. मला कळलं ना लगेच! डावीकडे एक गल्ली होती. गल्लीतून पळून जाता आलं असतं. मित्रांनो, बूट कितीही पुढारी असला तरी वाट पायच ठरवतो.

आणि पाय सरळ झाला! डावा, उजवा, डावा, उजवा, थेट लाल टोप्यांसमोर. नाल खणकन वाजली. धन्याने सलाम ठोकला.

"रजेचा कागद?" दोघांतल्या थोराड मिशीवाल्याने विचारलं.

"संपलाय. एकोणतीस दिवस झाले. स्वतः हजर व्हायला चाललोय. हे पत्र."

मिशीवाल्याने पत्र वाचलं. त्याला काजळीचा डाग लागला होता आणि एक कोंबडीचं पीससुद्धा चिकटलं होतं. त्याने ते पीस चिमटीत धरून बघितलं.

तरुण जोडीदार म्हणाला, "धरूया की, साहेब."

"धरलं तर धरला म्हणून लिहावं लागेल," मिशीवाला म्हणाला. मग धन्याकडे वळून खेकसला, "इथं काय पुतळ्यासारखा उभा आहेस? सहाला दहा कमी आहेत! चालायला लाग. आम्ही मागून येतो. पळालास तर तंगडी मोडीन!"

आणि निघाली आमची वरात! पुढे धनी, मागे दोन लाल टोप्या, हात न लावता. पन्नास पावलं, शंभर पावलं, टाके घट्ट, डावा, उजवा, डावा, उजवा! अशी शान मला परेडच्या दिवशीही वाटली नव्हती. फाटकावरच्या पहारेकऱ्याचे डोळे विस्फारले. तो धन्याच्याच तुकडीतला, उंट नावाने प्रसिद्ध असलेला लंबू.

"अरे! जिवंत आहेस?"

"हजर आहे. लिही लवकर!"

उंटाने वही उघडली, पेन झटकलं, पेन उठेना, मिशीवाल्याने स्वतःचं पेन पुढे केलं. पाच वाजून चोपन्न मिनिटं. "स्वतःहून हजर झाला." ते तीन शब्द लिहिताना पेनचा जो कुरकुर आवाज आला ना, तो मला अजून ऐकू येतो.

शिक्षा झाली का? झाली की! मोठ्या साहेबांनी आधी विचारलं, "आई कशी आहे?" धनी म्हणाला, "चालते, साहेब." मग साहेब म्हणाले, "एक फोन केला असतास तर मी महिनाभर रजा वाढवून दिली असती. उशिरा येणाऱ्याला ओरडा तरी खाता येतो. न येणाऱ्याला कोण ओरडणार?" आणि एकवीस दिवसांची कोठडी दिली. हाताशी आलेली बढतीही गेली. कोठडीत नाडी ठेवू देत नाहीत, म्हणून माझी नाडी काढून घेतली आणि माझी जीभ पहिल्यांदाच मोकळी झाली. पण बोलायला ऐकणारं कोण होतं? धनी पाठ टेकवल्या टेकवल्या घोरायला लागला होता. एकोणतीस दिवसांत तो असा झोपला नव्हता.

आता मी खूप जुना झालो आहे. कवायतीला नवा जोड आहे. आम्हा दोघांना घालून धनी ट्रक धुतो, आणि आम्ही पाणी खातो, आमचा रंग उडालाय. कधीकधी वाईट वाटतं. रजेवरून उशिरा आलेला एखादा पोरगा फाटकाबाहेर घुटमळताना दिसला, की धनी फडकं टाकून ओले बूट वाजवत त्याच्याकडे जातो. मग मी वाईट वाटायचं विसरतो.

तर मित्रांनो, तुमचाही कधी गृहपाठ राहील, काच फुटेल, घरी यायला उशीर होईल. दडून बसू नका. आपल्या पायांनी जा आणि ओरडा खाऊन या. आणि जाताना मोजे तेवढे धुतलेले घाला. इतक्या मोठ्या कामाला निघताना आमचा जीव गुदमरवू नका!