पहिला विळा

वासूकडं पाहुणा आला की घरच्यांनी समजून घ्यावं, आता हा माणूस आपला राहिला नाही. कुंभारवाड्याच्या रानातल्या त्या लहानशा वाडीत एरवी तीन हाका मारल्याशिवाय जागचा न हलणारा वासू पाहुण्यांच्या पोरांसाठी झाडावरसुद्धा चढे. थोडं कौतुक करावं आणि हवं ते काढून घ्यावं. हे गणित त्याची बहीण राजेश्वरी लहानपणीच शिकली होती.

दसऱ्याच्या सुटीत ती रामनगरहून पोराला घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "ह्याचे बाबा गोव्याला नेतो म्हणून बसल्यात. त्यांना सवड कधी गावायची? मी म्हटलं, लांब कशाला जायचं? मामाच्या घरात हाय तेवढी मजा गोव्यात बी न्हाई."

झालं. वासू फुगला.

पाऊस ओसरला होता, ओढ्याचं पाणी निवळलं होतं, ऊन कसं धुतल्यासारखं पडत होतं. वासूनं भाच्याला, निखिलला, ओढ्यात डुंबवलं, बांधाच्या बिळातून खेकडे काढून दाखवले, रानातल्या जाड वेलीवर बसवून झोके दिले. कळकाची, म्हणजे बांबूची, नळी तासून हिरव्या फळांच्या गोळ्या उडवणारी बंदूक करून दिली. तीच बंदूक त्याची स्वतःची लेक रक्षिता दोन वर्षं मागत होती, आणि वासूला दोन वर्षं कळक मिळत नव्हता. पण असला जमाखर्च पाहुण्यांदेखत कोण मांडतो?

रक्षिता त्या दिवसांत घरी नव्हतीच. आईबरोबर, शांतीबरोबर, नंदिगड्ड्याला आजोळी गेली होती. जाताना तिचा पाय निघत नव्हता. घरामागच्या खाचरातलं भात पिकायला आलं होतं आणि ते खाचर तिचं होतं. म्हणजे राखणीला तिचं. त्या घरात रीतच अशी होती की घरामागचं खाचर घरातल्या पोरानं राखायचं, आणि ज्यानं राखलं त्यानं दसऱ्याच्या सकाळी त्यात पहिला विळा घालायचा. त्या लोंब्या घरी आल्या की मग नवं, म्हणजे त्या नव्या भाताची जुडी, दारावर बांधायचं. त्याआधी हातानं एखादी लोंबी खुडून दाणा चावून बघितला तर चाले, विळा मात्र लावायचा नाही. आणि राखण मोडली, डुकरानं वा गव्यानं पीक खाल्लं, तर त्या वर्षी त्या पोराचा मान गेला.

आजवर रक्षिता लहान होती. यंदा पहिल्यांदाच राखण तिच्याकडं आली होती. उजाडायच्या आधी उठून ती बांधावर जाई, डबा बडवून पोपट उडवी आणि तशीच शाळेला पळे. नंदिगड्ड्याला निघताना तिनं बापाला बजावलं होतं, "दोन दिवस तू बघ. झोपू नगो."

वासू झोपला नाही. झोपला असता तर बरं झालं असतं.

निघायच्या दुपारी राजेश्वरी म्हणाली, "दादा, निखिलचा एक फोटो काढू या भात कापताना. त्याच्या शाळेत दाखवायला हुईल." वासूनं आढ्याला खोचलेला विळा काढला, पोराला खाचराच्या कोपऱ्यात उभं केलं, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि लोंब्यांची भरघोस जुडी कापून दिली. राजेश्वरीनं फोटो काढले. निखिल लाल होऊन हसत होता.

"मामा, यंदा मीच पयला?"

"व्हय रे, तूच पयला," वासू म्हणाला. आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ऐकू आले.

राजेश्वरी ती जुडी आपल्या घरी टीव्हीजवळ लावायला घेऊन गेली. लग्न होऊन गेलेल्या बाईला माहेरची रीत आठवली नाही, यात नवल नव्हतं. वासूला मात्र विसरायला कुठं जावं लागलं नव्हतं, तो रीतीच्या मधोमधच उभा होता.

बस गेली. शांती आणि पोर तिन्हीसांजेला यायची होती. वासू कोपऱ्यात एकटाच उभा राहिला आणि कापलेल्या धांड्यांकडं बघत राहिला. मग त्यानं ते धांडे पायानं तुडवले, आजूबाजूचं थोडं भात आडवं केलं, आणि खाली बसून दोन बोटं चिखलात रोवत रोवत डुकराच्या खुरांचे ठसे उमटवले. काम बेतशीर झालं. घरच्या कुठल्या कामात त्यानं एवढं मन घातलं नव्हतं.

त्याची आई गुणा परड्यातून बघत होती. म्हातारी एवढंच म्हणाली, "यंदाच्या डुकराला धार बरी हाय."

वासूला वाटलं होतं, पोर रडेल, डुकराला शिव्या घालेल, आपण म्हणू की जाऊ दे गे, एवढ्यानं राखण मोडत न्हाई, तूच काप. सगळं गोड होईल. पण रक्षिता रडली नाही. ठशांपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी जायलाच नगो हुतं."

"अगं, मी हुतो की इथं. चूक माझी."

"तुला कसं कळणार? तू कधी राखलंयस?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ती खाचरावरून हलेना. सुटी होती, तरी जेवायलासुद्धा शांती तिकडंच ताट नेई. वासू जाऊन म्हणाला, "चल, ओढ्यावर जाऊ. खेकडे काढू."

"राखण कोण करणार?"

"झोका बांधू वेलीचा."

"नगो."

मग त्यानं बंदूक करून आणली. कळक अचानक मिळाला होता. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि बांधावर ठेवून दिली. "चांगली झाली," ती म्हणाली. "पण मला कशाला? माझ्याकडनं तर खाचर बी राखणं झालं न्हाई."

वासू घरी येऊन ओसरीवर बसला. शांतीनं विचारलं, "तुमचं काय दुखतंय?" तो म्हणाला, "काय न्हाई." गुणा आतून म्हणाली, "बोटं दुखत असतील."

दसऱ्याच्या सकाळी विळा धुऊन, हळदकुंकू लावून उंबऱ्यात ठेवला होता. रक्षिता न्हाऊन पायरीवर बसली होती, उठत नव्हती.

"ऊठ गे," शांती म्हणाली. "ऊन चढतंय."

"मी न्हाई. राखण मोडली माझी. आई, तू आण नवं."

"दोन मुठी भातासाठी काय रीत बघतेस?"

"रीत ती रीत. आज्जी, खरं का न्हाई?"

गुणानं लेकाकडं बघितलं आणि बघतच राहिली.

"डुक्कर न्हवतं," वासू म्हणाला.

"ठसे हुते की."

"ते म्या केले. ह्या बोटांनी."

रक्षिता त्याच्या बोटांकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे डुक्कर आलंच न्हाई? मी न्हवते तवा बी कोण शिरलं न्हाई खाचरात?"

"न्हाई."

"म्हंजे माझी राखण मोडली न्हाई."

"न्हाई गे, बाय."

एवढा आनंद त्यानं तिला कुठल्याच सुटीत दिला नव्हता. वासूला वाटलं, भागलं. पण पोर हुशार, आजीवर गेलेली. "मग कापलं कुणी?"

"निखिलनं. विळा म्या दिला. फोटोसाठी."

शांतीनं कपाळावर हात मारला. रक्षिताचा चेहरा हळूहळू पुन्हा होता तसा झाला. मग तिनं विचारलं, "आज्जी, नवं आणायला दुसरा विळा चालतो?"

"चालतो," गुणा म्हणाली. "पयला गेला तो गेला. देवाला भाताशी काम."

रक्षिता उठली, विळा उचलला. वासूही उठला. "तू नगो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. शांती आणि गुणा तिच्या मागून गेल्या. घरात वासू एकटा उरला. मागून विळ्याची कचकच ऐकू येत होती, मध्येच शांतीचं काहीतरी बोलणं, मग तिघींचं हसणं. त्याला उठून बघावंसं वाटत होतं, पण तो बसून राहिला.

त्या परतल्या. नवं दारावर बांधून झालं. मग रक्षिता एकेक लोंबी वाटायला लागली. आता आजीला देईल, मग आईला, आणि आपल्याला विसरली तर बरंच होईल, असं वासूच्या मनात आलं. पण ती सरळ त्याच्यापाशी आली आणि सगळ्यात भरलेली लोंबी निवडून त्याच्या हातावर ठेवली. सगळ्यांच्या आधी, दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तशी.