एकशे शहाऐंशी दारांची वस्ती

मामाचं गोदाम शेवटी पाडलं. पाडायला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास यंत्र चालवणारा फोनवर बोलत होता.

असं काही झालेलं नाही. तुम्ही अजून काहीच वाचलेलं नाही. गोदाम जागेवर आहे, मामा आत रंधा मारतोय, आणि मला प्रादेशिक नियोजन कार्यालयात नोकरी लागून जेमतेम दोन महिने झालेत. आमच्याकडे एखादा कागद नकोसा झाला की त्यावर दुसरा कागद ठेवतात आणि खालचा नव्हताच असं समजून सगळे जेवायला जातात. मीही तेच करतोय.

मामा जुनी दारं विकतो. घरं पाडली की भिंतींचा ढिगारा होतो, पण दारं मामाकडे येतात. पत्र्याच्या गोदामात आणि बाहेर रस्त्याच्या कडेने ती रांगेत उभी असतात, तोंड रस्त्याकडे. बहुतेकांवर घराच्या क्रमांकाची पाटी तशीच असते. काहींवर बेलचं बटण, खाली लोंबणारी वायर. तीन दारांवर ‘कुत्र्यापासून सावध’. माझे बाबा गेल्यावर आई कामाला जायची तेव्हा मी शाळेतून थेट तिथेच जायचो. पाढे मी दारं मोजून शिकलो. सही कशी करायची तेही तिथेच, फळीवर, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने. तेव्हा मी फार कुरकुर करायचो, म्हणून मामाने माझं नाव ‘बिजागरी’ ठेवलं. मी पदवीधर झालो तरी तो मला गिऱ्हाइकांसमोर बिजागरी म्हणतो आणि वर विचारतो, “तेल घालू का?”

ऑफिसात मी सांगितलं होतं की माझे मामा इंटिरियर क्षेत्रात आहेत.

आता आमचं काम. पुढच्या दहा वर्षांत विभागात किती नवी घरं लागतील तो आकडा आम्ही ठरवतो. त्याला लक्ष्यांक म्हणतात आणि तो दर पाच वर्षांनी सुधारतात. आधीचा होता सहा हजार. सुधारायचा म्हणजे चाळीस ठरलेल्या रस्त्यांवर जाऊन कुटुंबं मोजायची, मागच्या वेळेपेक्षा किती वाढली ते बघायचं आणि तीच वाढ अख्ख्या विभागाला लावायची. मोजायचं कसं ते पुस्तिकेत आहे. नियम नऊ : क्रमांकाची पाटी असलेलं प्रत्येक दार एक कुटुंब धरावं, आत जाणं शक्य नसल्यास बाहेरून मोजावं.

माझ्या वाट्याला जो रस्ता आला त्याच्या टोकाला मामाचं गोदाम होतं. आणि सोबतीला आला कॅल्क्युलेटर. हा आमच्यातला सगळ्यात जुना कारकून. डोळ्यांनी अधू, पण आकड्यांना असा पक्का की जिन्यावरून उतरतानाही पायऱ्या मोजतो आणि खाली पोचल्यावर बेरीज तपासतो.

गोदामाजवळ आलो तसं मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आता मामा बाहेर येणार, पापण्यांवर भुसा, बनियनवर सरस, मला मिठी मारणार, आणि उद्या ऑफिसात शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे मला तेल घालणार.

“आपण समोरच्या बसस्टॉपवरून मोजू,” मी म्हणालो. “तिथे सावली आहे.”

आम्ही रस्ता ओलांडला. कॅल्क्युलेटरने चष्मा पुसला, डोळे बारीक केले.

“हे काय आहे रे? दुकान आहे का घरं?”

इथे मला एवढंच म्हणायचं होतं : माझ्या मामाचं दुकान आहे. चार शब्द.

“माहीत नाही बुवा,” मी म्हणालो. “मी या बाजूला कधी आलोच नाही.”

“पाट्या तर दिसतायत.”

“हो, पाट्या दिसतायत.”

त्याने मोजलं. एकशे शहाऐंशी. नियमाप्रमाणे दोनदा मोजलं. पाळीव प्राण्यांच्या रकान्यात तीन कुत्री लिहिली. मी खाली सही केली, त्याने केली, आणि आलेल्या पहिल्या बसमध्ये चढलो. ती आमची बस नव्हती.

मला वाटलं होतं, वर कुणीतरी पकडेल. नोकरीत नवीन माणसाची वरच्यांवर फार श्रद्धा असते. पण वरच्यांनी आकडा घेतला, दर कुटुंबामागे चार पूर्णांक तीन माणसांनी गुणला आणि त्या गोदामात सातशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ माणसं राहतात असं जाहीर केलं. कुणाचं तरी दोन दशांश कमी पडतंय म्हणून ते आठशे केलं. रस्त्यावर मागच्या वेळी एकतीस कुटुंबं होती, आता दोनशे सतरा. चाळीस रस्त्यांची सरासरी त्या एका रस्त्याने दोरी लावून वर ओढली आणि विभागाचा लक्ष्यांक सहा हजारांवरून नऊ हजार चारशे झाला.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं.

“एका नळावर आठशे माणसं,” ते म्हणाले. “आणि आजवर एक तक्रार नाही!”

“आवाजसुद्धा नाही सर,” कॅल्क्युलेटर म्हणाला. “आम्ही समोर उभे होतो, अर्धा तास. एक दार उघडलं नाही.”

“घाबरलेले असतील.”

इतिवृत्तात ‘अत्यंत सोशिक वस्ती’ अशी नोंद झाली. ठराव असा झाला की नव्या लक्ष्यांकातली पहिली घरं याच लोकांना द्यायची, आणि त्यांची ताटातूट नको म्हणून तिथल्या तिथेच द्यायची. म्हणजे गोदाम पाडून. मी तेव्हा बिस्किटांची बशी फिरवत होतो. एका सदस्याने विचारलं, “काय रे, तोंड का उतरलंय?” मी म्हणालो, “त्या लोकांचं वाईट वाटतंय.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अशा तरुणांची गरज आहे म्हणाले.

मामाला नोटीस गेली : आपल्या जागेत राहणाऱ्या एकशे शहाऐंशी कुटुंबांच्या सोयीसाठी जागा रिकामी करावी, हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावं.

सुनावणीच्या दिवशी मी टेबलाच्या डाव्या टोकाला होतो. मधे मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य नियोजक, पलीकडे कॅल्क्युलेटर आणि शेवटी टंकलेखिका. मी आठवडाभर मनात एक वाक्य घोकत होतो. मामा आला की उभं राहायचं आणि बोलून टाकायचं.

मामा आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. भुसा कुठेच नाही. तो मला इतका परका दिसला की मी आधी ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, नीट आवरून आलाय. हा विचार मी कुणाला सांगणार नव्हतो.

“मॅडम, माझ्याकडे कुटुंबं नाहीत हो,” मामा म्हणाला. “दारं आहेत.”

“दारं आहेत हे तुम्हाला मान्य आहे?”

“म्हणजे काय! तोच तर धंदा आहे.”

“त्यांवर क्रमांकाच्या पाट्या आहेत?”

“आहेत. काढल्या की भोकं दिसतात, मग गिऱ्हाईक नाक मुरडतं.”

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांना त्या दिवशी सुट्टी नव्हती.

“मग मोजणी नियमाप्रमाणेच आहे.”

“असेल. पण मोजणाऱ्याने एक पाऊल आत टाकायचं ना. दारामागे दारच आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. डोक्याला लागलं असतं.”

मॅडमनी आमचा तक्ता त्याच्यापुढे सरकवला. “हे मोजणी करणारे. दोघं इथेच बसलेत. तुमचा त्यांच्यावर काही आरोप आहे का? जुनं वैर, ओळखपाळख? तसं असेल तर चौकशी लावावी लागेल. आधी घरी बसवतील, मग चौकशी.”

मामाने तक्ता हातात घेतला. खिशातून चष्मा काढला. मी बघत होतो. त्याचं बोट ओळींवरून खाली खाली आलं आणि सहीवर थांबलं. ती सही त्याला न ओळखायला काय झालं? तिच्या शेवटच्या फटकाऱ्यावरून त्याने मला चिडवलं होतं, पतंगाची शेपटी म्हणून. त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या दाराची चौकट कुठे कुजलीय ते बघावं, तसं शांतपणे बघितलं.

“नाही,” तो म्हणाला. “मी ओळखत नाही यांना. आरोप वगैरे काही नाही. हे डावीकडचे साहेब तर पोरगेलेसे दिसतात. नवीन असतील. त्यांना काही करू नका.”

टंकलेखिकेने ते टाइप केलं.

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाक्य घशापर्यंत आलं होतं, अगदी तोंडपाठ.

“पाणी हवंय का कुणाला?” मी म्हणालो.

तिघांनी हात वर केले. मी तिघांना पाणी दिलं. चौथा ग्लास मामासमोर ठेवला.

“थँक यू साहेब,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मामा, बसस्टॉप, सावली, सगळं. माझे कान इतके तापले होते की चष्मा वाकडा होतो की काय असं वाटत होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“म्हणजे ती कुटुंबं नाहीतच?”

“नाहीत मॅडम.”

“मग त्यांनी मुदतीत हरकत घेतली नाही ती त्यामुळे.”

“हो.”

“मुदत संपली आता. लक्ष्यांक मंजूर झाला. त्यावर पाण्याची लाइन आखली, दोन शाळा आखल्या, एक स्मशान आखलं. तू म्हणतोस माणसंच नाहीत. मी स्मशान कुणाला देऊ?” त्यांनी कपाळ चोळलं. “पाच वर्षांनी पुन्हा सुधारणा आहे. तेव्हा कमी करू. तोवर तुझ्या तोंडून मी काही ऐकलेलं नाही. आणि तुझ्या मामांनी तुला वाचवलंय, ते वाया घालवू नकोस.”

वाया घालवू नकोस म्हणजे गप्प बस. मी बसलो. गप्प बसणं मला आधीपासून जमत होतं, आता त्याला वरून मंजुरी मिळाली.

रविवारी मी गोदामात गेलो. बाहेर टेम्पो उभा होता. मामाने विभागाच्या हद्दीबाहेर, लांब कुठेतरी एक शेड घेतली होती. भुसा होता, बनियन होतं, सगळं जिथल्या तिथे. मला बघून तो बिजागरी म्हणाला नाही.

“त्या टोकाला धर, साहेब,” तो म्हणाला. “कंबरेतून उचलू नकोस, गुडघ्यातून.”

आम्ही दारं चढवायला लागलो. पंधरा-वीस झाल्यावर मी म्हणालो, “मामा, तू ओळखत नाही असं का सांगितलंस रे?”

“पोटावर पाय आला असता तुझ्या.”

“पण मीच...”

“माहीत आहे.” त्याने एका दारावरची धूळ पंजाने पुसली. “त्या दिवशी समोर उभा होतास ना, सावलीत? दिसलास मला. म्हटलं पोरगा ऑफिसच्या माणसाला घेऊन आलाय आपलं दुकान दाखवायला. शर्ट बदलला. दोन कप चहा जास्तीचा टाकायला सांगितला. बाहेर आलो तर तुम्ही बसमध्ये चढत होतात. ती बस तर पार डेपोत जाते, म्हटलं हा वेडा कुठे चाललाय. चल, धर. हे जड आहे.”

मी धरलं. जड होतं.

संध्याकाळपर्यंत एकशे शहाऐंशी दारं हद्दीबाहेर गेली. विभागाची लोकसंख्या एका दिवसात आठशेने घटली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात यंत्र आलं. त्याबद्दल मी काही सांगितलेलं नाही.

सोमवारी मी एक अर्ज लिहिला आणि आवक-जावक खिडकीत दिला. तिथल्या बाईंनी वाचला, मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि शिक्का मारला. मंजूर इतिवृत्तात काना-मात्रासुद्धा बदलत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. मला ते माहीत होतं. अर्ज असा :

प्रति, इतिवृत्त शाखा. विषय : सुनावणीच्या मंजूर इतिवृत्तात दुरुस्ती करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, पृष्ठ क्रमांक अकरा, ओळ चार येथे ‘हरकतदार हे मोजणी कर्मचाऱ्यास ओळखत नाहीत’ असे नमूद आहे. सदर विधान हरकतदार यांनी खोटे केले असून ते खालील सही करणाऱ्याने आधी केलेल्या त्याच प्रकारच्या विधानास अनुसरून आहे. तरी सदर ओळ वगळून त्या जागी ‘हरकतदार हे मोजणी कर्मचाऱ्याचे सख्खे मामा आहेत’ अशी नोंद घेण्यात यावी, तसेच ही नोंद मोजणीच्या दिवसाच्या आदल्या तारखेपासून अमलात आली असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.