बाकाचं दार

आमची टीम वाईट होती, तेव्हा आइला निएमी आमची सगळ्यात चांगली खेळाडू होती. मग टीम सुधारली.

आमचं कॉलेज मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या काठावर. तिथे मुलं चालायच्या आधी स्केट घालतात असं म्हणतात, पण मुलींच्या आइस हॉकीच्या टीमला ते कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नाही. दुसऱ्या वर्षी दोन जिंकलो, तेही परगावी. समोरच्या टीमा येऊन आमच्या गोलपुढे तळ ठोकायच्या. मी बचावाला असायचे. आम्ही बचाववाल्या दमायचो, चुका करायचो आणि त्या निस्तरायला मागे एकटी आइला. पक म्हणजे मुठीएवढी रबराची चकती, पण गोठलेली, दगडासारखी. ती गारांसारखी येत राहायची आणि आइला कधी पायाने, कधी हातमोज्याने, कधी सरळ छातीवर अडवायची.

एकदा मिनेसोटाच्या एका टीमने आम्हाला चार-शून्य हरवलं. सामन्यानंतर हात मिळवायच्या रांगेत त्यांचे कोच आइलापाशी थांबले. म्हणाले, “पोरी, तू नसतीस तर वीस झाले असते.”

कपडे बदलताना आइला मला म्हणाली, “बघ हेडी, हरण्यातसुद्धा माझा पहिला नंबर.”

आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. सामन्यानंतर तिच्या दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग असायचे. ती आरशापुढे उभी राहून ते बघायची, आणि खरं सांगायचं तर तिला त्यांचा अभिमान होता. चार शब्द बोलायचे तिथे एक बोलणारी, पाव डबा शेंगदाण्याचं लोणी चमच्याने खाणारी, पहाटे उठून पाय ताणत बसणारी मुलगी. वर्गात ती कुणाच्या लक्षात राहायची नाही. गोलमध्ये उभी राहिली की मात्र सगळी रिंक, बर्फाच्या मैदानाभोवतीचं प्रत्येक माणूस, तिच्याकडे बघायची.

तिचे वडील डेल निएमी रस्त्यावरचा बर्फ काढणारी सरकारी गाडी चालवायचे. हिवाळा म्हणजे त्यांच्या कामाचे दिवस, तरी कुणाशी तरी पाळी बदलून ते तीन तास गाडी हाणत यायचे. कामाचं नारिंगी जाकीट तसंच अंगात. बसायचे नाहीत. आइलाच्या गोलमागे काचेला लागून उभे राहायचे, आणि दुसऱ्या सत्रात टीमांनी बाजू बदलल्या की तेही रिंकला वळसा घालून पलीकडे जायचे. आई नव्हती तिला. बापलेकींचं बोलणं म्हणजे, “जेवलीस?” “जेवले.” “गाडीत तेल आहे ना?” “आहे बाबा.”

तिसऱ्या वर्षी गेल ब्रँट आमच्या कोच म्हणून आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या बाई. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना आमच्याच जुन्या सामन्याचं चित्रण दाखवलं आणि दिवे लावून म्हणाल्या, “तुमच्यात एक मुलगी हॉकी खेळते. बाकीच्या तिचं हॉकी बघता.”

आइलाने मान खाली घातली.

त्या वर्षभर त्यांनी आम्हाला पिळून काढलं. टेकडीवर पळवलं. फटका येताना तोंड फिरवायचं नाही, गुडघा टेकून चकती अंगावर घ्यायची, हे रोज तासभर. “आइला भिंत नाही, माणूस आहे,” त्या म्हणायच्या. “तिच्यापर्यंत काही पोचायला नको.” चौथ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या पाच चपळ मुली आल्या. त्यात एक जोसी थिबो, ओंटारिओतल्या एका खाणगावची. तीही गोलकीपर. आइलाच्या हाताखाली शिकायला घेतलेली.

आणि आम्ही जिंकू लागलो. नोव्हेंबरमध्ये घरच्या बर्फावर पहिला सामना जिंकलो तेव्हा शेवटची शिट्टी झाल्यावर काय करायचं तेच आम्हाला कळेना. कुणीतरी स्टिक हवेत फेकली, ती माझ्याच डोक्यावर पडली. आइला गोलमध्ये उभी होती आणि आम्ही सगळ्या तिच्यावर जाऊन कोसळलो. डेल त्या दिवशी नव्हते. वादळ होतं, ते रस्त्यावर होते.

पण त्या सामन्यात आइलावर जेमतेम वीस फटके आले होते. पुढच्यात त्याहून कमी. तिसऱ्या सामन्यात बराच वेळ तिच्याकडे चकती फिरकलीच नाही, आणि मग लांबच्या निळ्या रेषेजवळून कुणीतरी उगाच एक ढकलली. शेंबडं पोरही अडवेल अशी. ती आइलाच्या पायांमधून आत गेली.

“होतं असं,” मी म्हणाले.

ती म्हणाली, “मला थंडी वाजते गं.”

मला वाटलं खरंच थंडी. तिने मान हलवली. “तसं नाही. पूर्वी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एक अडवला की दुसरा. डोकं बंद असायचं, हात आपोआप चालायचे. आता मी तिथे उभी राहते आणि विचार करते. तुमची पाठ बघत बसते. आणि मग एकदम येतो, तेव्हा मी तिथे नसतेच.”

“मग आम्ही दोन-चार सोडू का मुद्दाम?”

“सोडा ना,” ती म्हणाली. हसली, पण पुरती नाही.

ख्रिसमसच्या आधी आम्ही दोन सामने हरलो, दोन्ही तसल्याच पोरकट गोलांनी. जानेवारीत कोचनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. ती परत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात अंडी तळत होते.

“जोसी खेळणार,” ती म्हणाली.

“या सामन्यात?”

“आतापासून.” तिने फ्रीज उघडला, आत बघितलं, बंद केला. “कोच चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, तू नसतीस तर ही टीम केव्हाच बंद पडली असती. म्हणाल्या, जोसीला थांबून राहता येतं, तुला येत नाही, त्यात तुझा दोष नाही. मीही तेच म्हणाले असते, हेडी. मी रोज बघते ना सरावात. ती पोरगी माझ्यापेक्षा चांगली आहे.”

“असं काही नाही.”

“आहे. खोटं नको बोलूस, अंडी जळतायत.”

हॉकीत न खेळणाऱ्या गोलकीपरला एक काम असतं. खेळाडू दर मिनिटाला बदलतात, धावत बाकाकडे येतात, दुसऱ्या धावत बर्फावर जातात. बाकाचं दार उघडायचं आणि लावायचं ते तिने. आइला टोपी घालून, पूर्ण पॅड बांधून दाराशी बसायची. मी धापा टाकत यायचे आणि दार उघडलेलं असायचं. कधी कडी अडकली नाही, कधी कुणाला क्षणभर थांबावं लागलं नाही. आत शिरताना ती प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारायची. “डावीकडची ती सतरा नंबरवाली आत घुसते, बघ,” असं हळूच सांगायची. आम्ही जिंकत होतो. जोसी नऊ-दहा सामन्यांत बर्फासारखी शांत उभी राहिली. आणि सरावानंतर तिला हातमोजा कुठे धरायचा ते शिकवायला आइलाच मागे थांबायची.

जोसी बिचारी तिच्याशी बोलताना चाचरायची. एकदा म्हणाली, “आइला, तू माझा राग कर ना थोडा. मला बरं वाटेल.”

“वेळ नाही,” आइला म्हणाली. “खांदा खाली घे.”

डेल पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आइलाने सांगितलं नव्हतं. ते सवयीने गोलमागे जाऊन उभे राहिले, आणि सामन्याआधीचा सराव संपून जोसी गोलमध्ये आली तशी त्यांनी काचेवरचा हात काढून घेतला. तिच्या पाठीवरचं नाव वाचलं. मग बाकाकडे बघितलं. पहिलं सत्र ते तिथेच उभे होते, कदाचित हलणं बरं दिसलं नसतं म्हणून. दुसऱ्या सत्रात ते रिंकच्या पलीकडे, बाकाच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले. त्यानंतर प्रत्येक सामन्याला तिथेच.

सामन्यानंतर वाटेत मला भेटले. “आता तुमचा खेळ बघायला मजा येते, हेडी,” ते म्हणाले. “छान खेळता पोरींनो.”

“थँक्यू, मिस्टर निएमी.”

“ती जेवते ना नीट?”

मी हो म्हणाले. ते टोपी डोक्यावर चढवून निघाले.

फेब्रुवारीत घरचा शेवटचा सामना आला. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली आईवडिलांचा हात धरून बर्फावर येतात, फुलं घेतात, फोटो काढतात. जिंकलो तर कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा बाद फेरीत जाणार होतो. आदल्या दिवशी सराव संपल्यावर कोच म्हणाल्या, “उद्या आइला.” एवढंच. जोसीने सगळ्यांत आधी टाळ्यांऐवजी स्टिक बर्फावर आपटली, मग आम्ही सगळ्यांनी.

डेल घरून सगळ्या टीमसाठी पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, घेऊन आले होते, मोठ्या थर्मासच्या पेटीत गरम ठेवलेल्या. त्यांच्या दोन बहिणीही आल्या होत्या. डेलच्या जाकिटाखाली टाय होता. बर्फावर चालताना आइलाने त्यांना दंडाला धरलं होतं, ते घसरू नयेत म्हणून. मग ते आपल्या जुन्या जागी, गोलमागे जाऊन उभे राहिले.

त्या पहिल्या सत्रात आम्ही जसं खेळलो तसं आयुष्यात कधी खेळलो नव्हतो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकीच्या मनात एकच होतं, तिच्यापर्यंत काही पोचू द्यायचं नाही. तीन वर्षं तिने आमच्यासाठी सोसलं, आज आपण सोसायचं. मी दोन फटके बरगडीवर घेतले. आमची छोटी मारिट तोंडावर पडून अडवत होती. समोरच्यांना चकती दिसू दिली नाही आम्ही. मागे आइला गोलच्या खांबांवर स्टिक ठोकत होती, इकडून तिकडे सरकत होती, अंग गरम ठेवायला धडपडत होती. मी ते ऐकत होते आणि मला त्याचा अर्थ कळला नाही.

सत्रभरात तिच्याकडे चार फटके आले. दोन आत गेले. दुसरा तर लांबून आलेला, लोळत. तो जाळ्यात गेल्यावर सगळी रिंक गप्प झाली. ओरडलं कोणी नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मधल्या सुटीत आम्ही कपडे बदलायच्या खोलीत खाली बघत बसलो होतो. आइलाने मास्क काढला, मांडीवर ठेवला. मग उठली, कोचपाशी गेली. सगळ्यांना ऐकू आलं.

“कोच, जोसीला घाला.”

कोचनी तिच्याकडे बघितलं. “बरं,” त्या म्हणाल्या.

जोसी रडायला लागली. “मी नाही जाणार. तुझा सामना आहे हा.”

“उठ,” आइला म्हणाली. “आपल्या सगळ्यांचा आहे. उठ, पट्टे तपास.” आणि वाकून तिने स्वतःच जोसीच्या पॅडचा मागचा पट्टा आवळला.

आम्ही तीन-दोन जिंकलो. त्यातला शेवटचा गोल मी मारला, माझ्या चार वर्षांतला दुसराच. बदलीला बाकाकडे आले तेव्हा दार उघडं होतं. तिने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून हेल्मेटवर कपाळ टेकवलं. तिचा आनंद खरा होता. आणि तेच मला सहन झालं नाही.

शिट्टी झाल्यावर सगळ्या जोसीकडे धावल्या. आइला दार लावून, शेवटी, सावकाश आली.

नंतर वरच्या हॉलमध्ये सगळे पेस्ट्या खात होते, हसत होते, कुणाची तरी आजी आम्हा सगळ्यांचे मुके घेत होती. आइला आलीच नाही. मी खाली कपडे बदलायच्या खोलीत गेले. ती अजून पूर्ण पॅडमध्ये आपल्या जागी बसली होती, आणि समोर तिचे वडील ओल्या रबरी जमिनीवर गुडघे टेकून तिचे बूट सोडत होते, तिच्या लहानपणी सोडत असतील तसे. टाय खांद्यावर टाकलेला. मी दारातच थांबले.

“कोचनी नाहीसुद्धा म्हटलं नाही, बाबा,” ती म्हणत होती. “मी म्हणाले जोसीला घाला, आणि त्या एकदाही नाही म्हणाल्या नाहीत.”

डेल गाठ सोडत राहिले. “तुला काय वाटत होतं, म्हणतील?”

“हो.”

“मलाही वाटत होतं,” ते म्हणाले.

मग ती रडली. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. डेलनी दुसऱ्या पायाचा बूट हातात घेतला. मी दार ओढून घेतलं आणि वर गेले. लोकांना सांगितलं, ती अंघोळ करतेय.

बाद फेरीचा पहिलाच सामना आम्ही एका गोलने हरलो. जोसी अप्रतिम खेळली. गावच्या पेपरात फोटो आला. सगळे म्हणाले, काय सुधारलीय ही टीम, आणि ते खरं होतं.

मे महिन्यात आम्ही खोली रिकामी केली. सरोवरावरचा बर्फ फुटून काठाला लागला होता. तिचं सामान गाडीत भरताना मी विचारलं, पॅड कुठे ठेवू. ती म्हणाली, जोसीला लहान होतील, रिंकवर ठेव, कुणाला तरी लागतील.

“आइला,” मी म्हणाले, “आम्ही त्या दिवशी फार जीव लावून खेळलो गं. त्यामुळेच झालं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मागून दिसत होतं मला.” मग तिने गाडीचं मागचं दार बंद केलं. “मला वाटायचं, आपण एकदा जिंकायला लागलो की सगळं छान होईल. तीन वर्षं रोज तेच मागायचे मी.”

मी तिला मिठी मारली. तिने मला वाटेत खायला म्हणून शेंगदाण्याच्या लोण्याचा अर्धा डबा दिला, आणि गाडी सुरू करून ती दक्षिणेच्या रस्त्याला लागली.