लाल झाकण

उस्तादांच्या दुकानात बंदुकीची नळी साफ करायला एकच औषध चालायचं, तपकिरी बाटलीतलं, लाल झाकणाचं. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. नेमबाजीच्या क्लबातली मंडळी, बँकेचे पहारेकरी, जंगलखात्याचे रखवालदार, सगळे ‘लाल झाकण’च म्हणत. आणि ‘उस्ताद’ हेही त्या मंडळींनीच ठेवलेलं नाव. शेहेचाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्या औषधाला वास होता. थोडा रॉकेलचा, थोडा अतिपिकलेल्या केळ्याचा, आणि वरून काहीतरी असं झणझणीत, की नवीन गिऱ्हाईक दारातच शिंकायचं. उस्तादांना मात्र तो वास आला की हात आपोआप कामाला लागल्यासारखे वाटत. बाजारात नंतर निळ्या डब्यातला फेस आला. नळीत फवारायचा, पाव तास थांबायचं, पुसून काढायचं, वासाचं नाव नाही. उस्तादांची सून त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. मुलाला बंदुकांचं कधी वेड नव्हतं, सुनेला निघालं. ती दर दोन महिन्यांनी निळ्या डब्याचा विषय काढायची. उस्ताद म्हणायचे, ज्याला वास नाही त्याला गुण नाही, आणि विषय तिथंच संपायचा.

घरी उस्तादांच्या बायकोनं त्या बाटलीला ‘सवत’ नाव ठेवलं होतं. संसाराला त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि त्रेचाळीस वर्षं एकच नियम होता: दुकानातून आलं की मागच्या दारानं यायचं, सदरा तिथंच काढायचा, हात साबणानं दोनदा धुवायचे, मग टॉवेलला हात लावायचा. उस्ताद हसतहसत ते सगळं करायचे. बायकांचं असतंच काहीतरी, असं त्यांचं मत होतं.

त्या हिवाळ्यात घरात सगळ्यांना सर्दी झाली. बाकीचे चार दिवसांत उठले, उस्तादांची सर्दी मात्र तीन आठवडे मुक्कामाला राहिली. ती गेल्यावर ते दुकानात आले, नवं खोकं फोडलं, बाटलीचं झाकण फिरवलं आणि नेहमीसारखं नाक पुढं केलं. काहीच आलं नाही. त्यांनी बाटली हलवून पाहिली, उजेडात धरली. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तरी तेच. चिंधी बुडवून एका जुन्या रायफलीच्या नळीत गजानं सारली, तर ती नेहमीसारखी हिरवट होऊन बाहेर आली. पण वास नाही म्हणजे नाही.

“सूनबाई, ह्याला वास येतोय का बघ.”

“येतोय की बाबा,” सून जागेवरूनच म्हणाली. “इथपर्यंत येतोय.”

उस्तादांना वाटलं, पोरगी आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय. तिला त्या वासातलं काय कळतंय? आपल्या नाकावर त्यांचा इतका भरवसा होता की त्याच्यावर संशय घेणं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कंपनीनंच काहीतरी लबाडी केली असणार. माल पातळ केला असेल, नाहीतर मालक बदलले असतील.

त्याच आठवड्यात घरीही एक ठिणगी पडली. जेवताना उस्ताद म्हणाले की हल्ली जेवणाला चव राहिलेली नाही, तुझा हात उतरला की काय. बायकोनं दुसऱ्या दिवशी मीठ वाढवलं, तिसऱ्या दिवशी मिरची वाढवली. मुलानं आणि सुनेनं पाण्याचे तांबे रिकामे केले आणि उस्ताद तरी म्हणाले, बेचवच आहे. मग तीन दिवस ताट नुसतं समोर यायचं, शब्द यायचा नाही.

उस्तादांनी कंपनीला पत्र लिहिलं, दोन पानी, स्वतःच्या हातानं. शेहेचाळीस वर्षं मी तुमच्या बाटलीशिवाय दुसरी बाटली दुकानात येऊ दिली नाही, लोक हसले, घरचे वैतागले, आणि त्याचं तुम्ही हे फळ दिलंत, असा एकूण सूर होता. पत्र पेटीत टाकून आले आणि उरलेल्या बाटल्या त्यांनी बाकाखाली सरकवल्या. सुनेला म्हणाले, मागव तुझा निळा डबा. सुनेला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तो काही झाला नाही. सासऱ्यांचा आवाज लग्न मोडल्यासारखा होता.

महिनाभर फेसावर काम चाललं. बँकेचा एक पहारेकरी आपली दुनळी घ्यायला आला, त्यानं हवा हुंगली आणि विचारलं की उस्ताद, दुकान दुसऱ्याला दिलं की काय. उस्तादांनी सुनेकडं असं पाहिलं, की बघ, त्यालाही कळलं. फेस फवारणाऱ्या खोलीत लाल झाकणाचा वास कुठून येणार, एवढा साधा हिशेब त्यांनी केला नाही. रुसलेला माणूस हिशेब करत नाही.

मग एका सकाळी पन्नाशीच्या एक बाई दुकानात आल्या. हातात कापडी पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या कंपनीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. पत्र त्यांनी तीनदा वाचलं होतं. त्या खोक्याच्या वेळचा राखून ठेवलेला नमुना काढून तपासला होता आणि त्यात काही कमी नव्हतं. पण शेहेचाळीस वर्षं वापरणाऱ्या माणसाला नुसतं कागदावर ‘तुमचं चुकतंय’ लिहून पाठवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्या स्वतः आल्या होत्या.

त्यांनी बाकाखालची एक बाटली मागून घेतली, पिशवीतून कागदाच्या दोन पट्ट्या काढल्या, पाठ फिरवून काहीतरी केलं आणि दोन्ही उस्तादांच्या पुढं धरल्या. एक पट्टी तुमच्या बाटलीत बुडवलीय, दुसरी साध्या पाण्यात, म्हणाल्या.

उस्तादांनी एक हुंगली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. “ह्या डावीकडच्या पट्टीत जरासा आहे,” ते म्हणाले. “पण पूर्वीसारखा नाही.”

सुनेनं खिडकीकडं तोंड फिरवलं. उजवी पट्टी वाळत होती आणि तिचा वास साऱ्या खोलीत भरला होता. बाईंनी पट्ट्या खाली ठेवल्या आणि हळूच विचारलं, “काका, हल्ली जेवण कसं लागतं?”

उस्तादांच्या डोळ्यांपुढं ती तीन दिवसांची मुकी ताटं आली. ते स्टुलावर बसले.

“म्हणजे बाटली ठीक आहे,” ते म्हणाले.

“बाटली ठीक आहे.”

खरं तर त्या क्षणी माणूस घाबरायचा. उस्तादही घाबरले, पण थोड्या वेळानं. आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. लाल झाकणानं दगा दिला नव्हता. महिनाभर छातीवर बसलेला दगड उतरला, आणि तो उतरल्यावर मग त्यांचं लक्ष आपल्या नाकाकडं गेलं.

त्या दिवशी दुपारीच दुकान सुनेवर टाकून ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले की तुझ्या हाताला काही झालेलं नाही, माझं नाक गेलंय. तिनं आधी संशयानं पाहिलं, मग आत गेली आणि कॉफीचा डबा, कापलेलं लिंबू, साबणाची नवी वडी असं जे हाताला लागलं ते आणून एकेक नाकाशी धरलं. उस्ताद प्रत्येक वेळी मान हलवत राहिले. शेवटी ती त्यांच्याशेजारी बसली. “एवढं सगळं कंपनीला लिहिलंत,” ती म्हणाली, “मला एकदा विचारलं असतंत.”

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सर्दीनं नाकातल्या नसा दुखावल्यात. बहुतेक वेळा वास परत येतो, पण सावकाश, आणि येताना वाकडातिकडाही येईल, घाबरू नका. सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे: लिंबू, लवंग, कॉफी, साबण. उस्तादांनी विचारलं की पाचवी माझी बाटली चालेल का. डॉक्टर म्हणाले, तो वास घ्यायचा नसतो, टाळायचा असतो. इतकी वर्षं काय दारं-खिडक्या बंद करून काम केलंत? उस्तादांची बायको त्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर फार बारकाईनं वाचत होती.

आठवडाभरात दुकानात हवा बाहेर फेकणारा पंखा बसला आणि रबरी हातमोजे आले. या दोन्ही गोष्टी सून चार वर्षं मागत होती. आणि लाल झाकण बाकाखालून पुन्हा वर आलं.

“बाबा, आता तुम्हाला तो वास येतही नाही,” सून म्हणाली. “मग निळा डबा काय वाईट होता?”

उस्तादांनी क्लबातली एक जुनी रायफल शिकंज्यात धरली. ती गेल्या महिन्यात फेसानं साफ झालेली होती. लाल झाकणात बुडवलेली चिंधी त्यांनी सारली, दहा मिनिटं थांबले, दुसरी सारली. चिंधी शेवाळासारखी हिरवी होऊन आली. गोळ्यांवरचं, नळीला धरून राहिलेलं तांबं होतं ते.

“नव्या नळ्यांना तुझा फेस चांगला आहे, मी नाही म्हणत नाही,” ते म्हणाले. “ह्या म्हाताऱ्यांना पुरत नाही. महिनाभर मला दिसत होतं, पण मी रागात होतो, म्हणून बोललो नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “मी वासासाठीच हे वापरतो, असं मलाही वाटायचं.”

तेव्हापासून नव्या बंदुका निळ्यानं आणि जुन्या लालनं, असं ठरलं. सुनेनं ते एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं. उस्तादांनी तो पुठ्ठा सरळ केला, एवढंच.

चार महिने उस्ताद सकाळ-संध्याकाळ चार वाट्यांपुढं ध्यानाला बसल्यासारखे बसले. बायको वेळ मोजायची. कधी ती मुद्दाम वाट्यांची जागा बदलायची आणि ते ठामपणे चुकीचं उत्तर द्यायचे, मग दोघंही हसायची. आणि एका सकाळी कॉफीच्या वाटीतून जळक्या रबराचा वास आला. साबण ओल्या गोणपाटासारखा. डॉक्टरांचं बोलणं आठवून उस्ताद खूश झाले, वाकडं का होईना, काही तरी आलं. लगबगीनं दुकानात गेले, बाटली उघडली आणि नाक खाली नेलं.

ते इतक्या जोरात मागं सरले की स्टूल आडवं झालं. कुजकी अंडी, सडका कांदा, त्यावर रॉकेल. डोळ्यांत पाणी आलं. सून धावत आली आणि काय झालं ते कळल्यावर ओढणीत तोंड खुपसून हसत राहिली.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती हसली नाही. हातातली भाजी निवडत राहिली.

“तुलाही असाच येतो?” उस्तादांनी विचारलं.

“अगदी असाच नसेल. पण पोटात ढवळायचं.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“रोज बोलले,” ती म्हणाली. “तुम्हाला ती थट्टा वाटली. सवत म्हटलं की तुम्ही हसायचात.”

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी दुकानाच्या मागच्या बाजूला नळाजवळ एक खुंटी ठोकली, साबण ठेवला, कामाचे सदरे तिथंच राहतील आणि तिथंच धुतले जातील अशी व्यवस्था केली. घरी आता धुतलेला माणूस यायला लागला. त्या रविवारी बायकोनं त्यांच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

लाल झाकण त्यांनी सोडलं नाही. नाकाला रुमाल बांधून, पंखा लावून, तोंड वाकडं करून ते जुन्या नळ्या त्यानंच साफ करत राहिले. प्रयोगशाळेच्या बाईंना त्यांनी चार ओळी पाठवल्या: माझी तक्रार मागं घेतो. सध्या तुमच्या औषधाची मला भयंकर घाण येते, पण गुण तोच आहे, तरी सहा बाटल्या पाठवाव्यात. बाईंनी ते पत्र प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलं, असं नंतर कळलं.

पुढं लिंबू लिंबासारखं झालं. मग लवंग ताळ्यावर आली. डॉक्टर म्हणाले, बाकीचंही येईल, वर्ष लागेल.

एक दिवस उस्ताद चष्मा घरी विसरले आणि तो द्यायला त्यांची बायको दुकानात आली. इतक्या वर्षांत ती दाराच्या आत कधी आली नव्हती, बाहेरूनच हाक मारायची. आज पंखा चालू होता. ती उंबऱ्यावर थांबली, एक श्वास घेऊन पाहिला आणि आत आली. सुनेनं स्टूल पुढं केलं.

उस्ताद एका जुन्या रायफलीचं काम संपवत होते. नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका काढून बाकावर ठेवलेला होता, शेवटची चिंधी पांढरीशुभ्र बाहेर आली होती. बायकोनं विचारलं की हे दिवसभर तुम्ही आत पाहता तरी काय. त्यांनी नळी शिकंज्यातून सोडवली, खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि मागचं टोक तिच्या डोळ्याजवळ आणलं.

“एक डोळा मीट.”

तिनं मिटला. आत उजेडाची गोल विहीर होती. तिच्या भिंतींवरून चार बारीक चकचकीत रेषा वळत वळत, एकमेकींना न शिवता, पार टोकाच्या आभाळापर्यंत गेल्या होत्या.

“हे असं सुरेख असतं होय?” ती म्हणाली.

“साफ केलं की.”

ती बराच वेळ पाहत राहिली. मग नळी खाली करून बाकावरच्या दुसऱ्या बंदुकीकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, “आता ती दाखवा.”