व्याज न मागणारा माणूस

नवनाथशेठने व्याजाचं नावच काढलं नाही, तेव्हा प्रतिभा पगारेच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

पैसे थोडेथोडके नव्हते, साडेचार लाख होते. ते तिच्या नवऱ्याने, राकेशने, तिला न सांगता घेतले होते. राकेश पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. कारखाना बंद झाला तेव्हा हाती आलेल्या रकमेत फायनान्सच्या कर्जाची भर घालून त्याने जेसीबी घेतला. जिल्ह्यात तेव्हा जिकडे बघावं तिकडे सरकारी पाइपलाइनची खोदाई चालू होती. वर्षभर यंत्राला उसंत नव्हती. मग ठेकेदार म्हणायला लागले, "वरून निधी आला की लगेच देतो." निधी काही येईना. सरकारने ठेकेदारांचे थकवले, ठेकेदारांनी राकेशचे, आणि राकेशने फायनान्स कंपनीचे. सरकारच्या दारात वसुलीला कोणी जाऊन बसत नाही. राकेशच्या दारात दोन माणसं येऊन बसायला लागली, आणि जेलरोडच्या त्या बिल्डिंगमध्ये जिन्यात कोण बसलंय हे सगळ्यांना दिसायचं.

यंत्र ओढून न्यायचा दिवस ठरला, त्याच्या आदल्या संध्याकाळी नवनाथशेठने थकलेले सगळे हप्ते भरले. राकेशची त्याची ओळख सिन्नर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरची, तीही जेमतेम.

"व्याज किती ठरलं?" प्रतिभाने विचारलं.

"काही ठरलं नाही."

"असं कसं?"

"म्हणाला, आधी सावर, मग बघू. माणूस चांगला आहे गं."

प्रतिभा तालुक्याच्या गावातल्या नगरपरिषदेत लेखापाल होती. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब बघत आली होती. व्याज नाही असा पैसा तिने अजून पाहिला नव्हता.

"कागद केला का काही?"

"नाही."

"मग लवकर परत करा," ती म्हणाली.

नगरपरिषदेची अवस्था तिच्या घरापेक्षा वेगळी नव्हती. घरपट्टी निम्मीसुद्धा वसूल होत नव्हती, विजेचं बिल थकलेलं, आणि नव्या पाणीयोजनेसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दर तिमाहीला दारात उभा. एकच रक्कम शाबूत होती. निवृत्त होणाऱ्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीसाठी जुन्या एका मुख्याधिकाऱ्याने मुदत ठेव करून ठेवली होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

ज्यांना त्या ठेवीतून पैसे मिळायचे होते, त्यांत सगुणाबाई होती. झाडूकाम करून निवृत्त झालेली. ती आठवड्याच्या बाजाराला आली की प्रतिभाच्या टेबलापाशी येऊन उभी राहायची.

"बाई, माझं काय झालं वं?"

"प्रस्ताव मंजुरीला आहे सगुणाबाई. होईल."

"लवकर करा माय. पैसं येणार म्हणून मी बायांच्या गटातून कर्ज काढलं, घरावर पत्रं टाकलं. आता गटाच्या बाया रोज इचारत्यात."

प्रतिभाने तो प्रस्ताव स्वतः लिहिला होता. मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर तो पडून होता, याचं कारण काही दिवसांतच तिला कळलं. शिपायाने एक वेगळीच फाइल आणून तिच्यापुढे ठेवली. पाइपलाइनच्या ठेकेदाराचं बिल निधीअभावी अडलं होतं. त्यावर उपाय म्हणून ग्रॅच्युइटीची ठेव मोडून 'तात्पुरती उचल' घ्यावी, शासनाचं अनुदान आल्यावर ती पुन्हा भरावी, असं सुचवलं होतं. लेखापालांचा अभिप्राय हवा होता.

फर्मचं नाव ओळखीचं नव्हतं. मालकाचंही नव्हतं. पण अधिकारपत्रावरची सही तिने दोनदा वाचली. सही करणारा नवनाथशेठचा भाचा होता. हप्ते भरायला फायनान्सच्या ऑफिसात तोच राकेशबरोबर गेला होता, राकेशनेच नाव सांगितलं होतं.

तिने फाइल बंद केली आणि टेबलावर हात ठेवून नुसती बसून राहिली. शेजारच्या टेबलावरचा योगेश, तिच्या हाताखालचा लिपिक, म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"ऊन लागलं असेल," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती एसटीतून उतरून घरी आली तर नवनाथशेठ सोफ्यावर बसला होता. पांढरा स्वच्छ शर्ट, आवाज हळू. मुलगी वेदिका त्याला चहा देऊन आत अभ्यासाला गेली होती. राकेश समोर खुर्चीच्या टोकावर बसला होता, स्वतःच्याच घरात पाहुणा असल्यासारखा.

"या ताई. दमलात," नवनाथशेठ म्हणाला. "रोजचा एवढा प्रवास. बदली मागा की नाशकात."

"तुमचं बिल माझ्याकडे आलंय," प्रतिभा उभ्यानेच म्हणाली.

"आलं असेल. मी त्यासाठी नाही आलो. ते तुमचं ऑफिसचं. सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं. मी एका शब्दाने बोललो का राकेशभाऊंना?"

"नाही," राकेश म्हणाला.

"तुमच्या पैशांचं व्याज सांगा," प्रतिभा म्हणाली. "आम्ही हिशेब करून टाकतो."

नवनाथशेठ हसला नाही. चहाचा कप त्याने बशीत नीट मधोमध ठेवला.

"कशातून करणार ताई? या फ्लॅटचा हप्ता अठरा हजार. अजून नऊ वर्षं जायचीत. पतसंस्थेतून तुम्ही मुलीच्या फीसाठी उचललेत, ते वेगळे. भविष्य निर्वाह निधीतून मागच्या वर्षी आईंच्या आजारपणाला काढलेत, तिथे आता फारसं काही नाही. मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं बँकेत आहे." त्याने बशी बाजूला सरकवली. "मी हिशेब मागत नाही ताई. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून सांगतो. असू द्या. मोठ्या बहिणीच्या घरी दिले समजा."

सोन्याचं राकेशलाही माहीत नव्हतं. त्याने प्रतिभाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

नवनाथशेठ गेल्यावर राकेशने दार लावून घेतलं. मग म्हणाला, "त्याला हे सगळं कसं कळलं?"

"पतसंस्थेत, बँकेत, कुठेही माणसं असतील त्याची. कसं कळलं ते जाऊ द्या. त्याने कशाला माहिती काढली, ते बघा."

"तू सही केलीस तर..." राकेश अडखळला. "तसं पैसे परत भरणारच आहेत ना ते? अनुदान आलं की?"

"तुम्हालाही ठेकेदार तेच म्हणाले होते. आले का पैसे?"

राकेश म्हणाला, "जेसीबी विकतो." हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला होता की प्रतिभाने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलं. या बिलाच्या ठेकेदाराशी संबंधित व्यक्तीकडून माझ्या पतीने हातउसने पैसे घेतले आहेत, त्यामुळे ही फाइल माझ्याकडे नसावी. आणि माझ्या मते ग्रॅच्युइटीची ठेव मोडता येत नाही.

साहेब वयाने तिच्याहून बरेच लहान होते. त्यांनी कागद वाचला आणि उलटा करून ठेवला.

"हे लिहून कशाला दिलंत मॅडम? तोंडी सांगायचं. आता मला याचं काहीतरी करावं लागेल."

"करा साहेब. त्यासाठीच दिलंय."

"तुम्ही दमलाय. थोडे दिवस रजा घ्या."

रजा तिने मागितली नव्हती, पण मंजूर झाली. ती परतली तेव्हा ठेव मोडलेली होती आणि बिल निघालेलं होतं. अभिप्रायाखाली योगेशची सही होती. तिच्या पत्राला आवक क्रमांकच पडला नव्हता. योगेश दोन दिवस तिच्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या माठापाशी तो हळूच म्हणाला, "मॅडम, बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं माझ्यावर. तुम्हाला माहीतच आहे." तिला माहीत नव्हतं. पण कोणाला माहीत होतं, ते तिच्या लक्षात आलं.

जेसीबी मनमाडच्या एका माणसाने घेतला, पडेल भावात. फायनान्सचं कर्ज फिटून जे उरलं त्यात प्रतिभाने माहेरून आणलेले पैसे घातले, गहाण ठेवलेलं सोनं मोडलं. राकेश रोख रक्कम घेऊन नवनाथशेठकडे गेला आणि तशीच पिशवी घेऊन परत आला.

"घेत नाही म्हणतो. म्हणे, घाई काय आहे."

"तुम्ही टाकून यायचे."

"त्याने माझा हात धरून पिशवी परत दिली. माणसं होती आजूबाजूला. सगळे हसत होते."

मग प्रतिभाने बँकेत जाऊन ते साडेचार लाख स्वतःच्या खात्यातून नवनाथशेठच्या खात्यावर पाठवले. वर बँकेच्या दराने व्याजही मोजून घातलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली.

आठवड्याने ती एसटीत खिडकीपाशी बसली होती. शिंदे गावाचा टोलनाका मागे पडला आणि फोन वाजला. बँकेचा मेसेज होता. तिच्या खात्यात सहा लाख जमा झाले होते. तिने नाव वाचलं. पैसे नवनाथशेठकडून आले नव्हते. ते पाइपलाइनच्या ठेकेदाराच्या फर्मकडून आले होते. ज्या फर्मचं बिल तिच्या कार्यालयाने नुकतंच काढलं होतं, त्या फर्मकडून नगरपरिषदेच्या लेखापालाच्या खात्यात.

गाडीत माणसं उतरत-चढत होती. कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा तिला ऐकू आलं. ती पुढच्या थांब्यावर उतरली. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने राकेशला फोन लावला. "आहात तिथून निघा. पासबुक घ्या, जेसीबीच्या विक्रीचे कागद घ्या. लाचलुचपतच्या कार्यालयात जायचंय."

तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तक्रार घेते मी," त्या म्हणाल्या. "पण एक समजून घ्या. सुरुवातीचे साडेचार लाख रोखीत, कागदाशिवाय. ते उसने होते हे तुम्ही म्हणताय. खात्यावर दिसतं ते एवढंच, तुम्ही त्यांना पैसे पाठवले, त्यांच्या भाच्याच्या सहीने चालणाऱ्या फर्मने तुम्हाला जास्त पाठवले. चौकशी तुमचीही होईल."

"होऊ द्या."

"निलंबनही होऊ शकतं."

"मॅडम, मी आले नसते तर हे पैसे कधीतरी कोणालातरी सापडलेच असते. ते त्यासाठीच पाठवलेत."

अधिकारी बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. शेजारी बसलेल्या राकेशला सही दोनदा करावी लागली.

प्रतिभा निलंबित झाली. सहा लाख चौकशीत गोठले, अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून सुरू झाला, आणि तोही वेळेवर येईना. नगरपरिषदेत तिच्या खुर्चीवर योगेश बसला. राकेश सातपूरला एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर जायला लागला. नवनाथशेठचा फोन मात्र महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. धमकी नाही, शिवी नाही. "ताईंची तब्येत कशी आहे? मुलीची परीक्षा झाली का? काही लागलं तर सांगा." राकेशने नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून यायचा. तक्रारीत हेही लिहून घ्या म्हटलं, तर यात गुन्हा कोणता लिहायचा, असा प्रश्न पोलिसांना पडला.

एका दुपारी सगुणाबाई पत्ता विचारत जेलरोडला आली. चप्पल बाहेर काढून दारातच बसली.

"बाई, गटाच्या बाया घरी येऊन बसत्यात. पत्रं काढून न्यू म्हणत्यात. हाफिसात गेले तर तो पोरगा म्हणतो, अनुदान आलं नाय."

"अनुदानाचा संबंध नाही सगुणाबाई. तुमचे पैसे होते. बाजूला काढून ठेवलेले होते."

"मंग कुठं गेलं?"

प्रतिभाने तिला सगळं सांगितलं. सगुणाबाई म्हणाली, "म्हंजे तुमच्याच घरी आलं का वं, थोडंफार?"

सगुणाबाईने ते रागाने विचारलं नव्हतं. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. प्रतिभा म्हणाली, "आलं. पण मी ठेवून घेतलं नाही. तुम्ही अर्ज करा, मी लिहून देते. मी साक्ष देईन."

अर्ज तिने त्याच दुपारी लिहिला. तशाच आणखी निवृत्त कामगारांचेही लिहिले. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं आणि तारखा पडायला लागल्या.

इकडे फ्लॅटचे हप्ते थकले. बँकेची पहिली नोटीस आली त्या रात्री दोघांनी ठरवलं, घर विकायचं, बँकेचं मिटवायचं आणि देवळालीला भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं. वेदिकाने ऐकलं आणि म्हणाली, "मला चालेल. तिथून कॉलेजला जायला बस आहे." मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

राकेशने मोबाइलवर जाहिरात टाकली. पहिलं गिऱ्हाईक रविवारी सकाळी आलं. तिशीचा माणूस, एकटाच, हातात हेल्मेट. त्याने हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं. भिंतीवरची ओल त्याला दिसली, पण तो काही बोलला नाही. पाणी किती वेळ येतं, मेंटेनन्स किती, बिल्डिंग किती जुनी, काहीच विचारलं नाही.

"किंमत जाहिरातीत आहे ती. थोडंफार मागेपुढे करू," राकेश म्हणाला.

"नाही, नाही. तेवढेच देऊ. उद्या टोकन देतो. रोख चालेल ना?"

राकेशचा चेहरा उजळला. त्याने वळून प्रतिभाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून त्या माणसाकडे बघत होती.

"तुम्ही राहणार का इथे?" तिने विचारलं.

"अं? नाही, म्हणजे... घरच्यांसाठी."

"घरच्यांना घेऊन या मग. त्यांना दाखवा."

"त्याची गरज नाही ताई. आम्हाला पसंत आहे."

"आम्हाला घर विकायचं नाही," प्रतिभा म्हणाली.

तो माणूस एकदा राकेशकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग बूट घालून खाली उतरला. राकेश दाराशी उभा राहून म्हणाला, "अगं, पूर्ण किंमत देत होता."

प्रतिभा गॅलरीत गेली. खाली तो माणूस गाडीला टेकून फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्याने मान वर करून त्यांच्या मजल्याकडे पाहिलं, आणि पाहतच बोलत राहिला.

"जाहिरात राहू द्या," ती आत येऊन म्हणाली. "पण जो भाव पाडून मागेल, त्यालाच देऊ."